'शॅल' आणि 'विल'चा नियम आला कुठून?

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. 'वॉक'चे भूतकाळी रूप 'वॉक्ट' होते, पण उद्याच्या चालण्यासाठी त्या क्रियापदात काहीही बदलत नाही. मराठीत करीन, करशील, करील अशी रूपे धातूतूनच निघतात, म्हणून आपल्याला 'विल' हा '-ईल'चा इंग्रजी जोडीदार वाटतो. तो तसा नाही. इंग्रजीने भविष्यासाठी दुसऱ्याच कामाची क्रियापदे उसनी घेतली आणि त्यांचा जुना अर्थ अजून पुरता सुटलेला नाही. 'आय', 'वी'ला 'शॅल' आणि बाकीच्यांना 'विल' यासारखे शाळेत पाठ करून घेतलेले बहुतेक नियम या उसनवारीतून निघालेले आहेत.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत उद्याची गोष्टही वर्तमानकाळातच सांगत. 'शॅल' ज्यातून आला त्या क्रियापदाचा अर्थ होता देणे लागणे, भाग असणे. 'विल'चा अर्थ इच्छा असणे. जे करणे भाग आहे ते पुढे घडणार आणि जे करायची इच्छा आहे तेही पुढेच घडणार, या वाटेने दोन्ही शब्द भविष्याकडे सरकले. 14व्या शतकाच्या अखेरीस धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या मंडळींनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा लॅटिनमधल्या भविष्यकाळी रूपांसाठी त्यांनी बहुतेक ठिकाणी 'शॅल' वापरला आणि 'विल' इच्छेसाठी राखून ठेवला. त्यामुळे ग्रांथिक इंग्रजीत 'शॅल'चे वजन वाढले. बोलण्यात मात्र 'विल' पुढे सरकतच राहिला.

नियम लिहिला तो जॉन वॉलिस यांनी. हे ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते, आणि 1653 साली त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये, परकीयांसाठी लिहिले. त्यांचे म्हणणे असे: प्रथम पुरुषात 'शॅल' नुसते भाकीत करतो आणि 'विल' वचन देतो किंवा धमकावतो, द्वितीय आणि तृतीय पुरुषात नेमके उलट. यामागे तर्क आहे. स्वतःच्या इच्छेविषयी बोलणारा माणूस खात्रीने सांगू शकतो, म्हणून 'आय विल' हा निश्चय ठरतो. दुसऱ्यावर सक्ती करायची तर 'यू शॅल'. व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये आणि लिंडली मरे यांनी 1795 मध्ये हाच नियम दिला. मरे यांचे पुस्तक अफाट खपले आणि नियम शाळाशाळांतून पसरला. भारतात तो पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने रुजवला. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते.

नियमाच्या समर्थनासाठी एक चुटका ठरलेला असे. पाण्यात पडलेला परदेशी (कधी आयरिश, कधी स्कॉटिश) ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे इंग्रज त्याचा अर्थ घेतात: मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलेत तर. आणि त्याला सोडून निघून जातात. या चुटक्यातच नियमाची मर्यादाही दिसते. आयरिश, स्कॉटिश आणि अमेरिकन माणसे हा भेद फारसा पाळत नव्हती. तो मुख्यतः दक्षिण इंग्लंडचा होता. 1906 मध्ये इंग्रजी लेखनाविषयीच्या आपल्या पुस्तकात फाउलर बंधूंनी त्यावर पानेच्या पाने खर्च केली, पण सुरुवातीलाच कबूल केले की जन्माने ज्याला तो मिळाला नाही त्याला तो शिकून येणे कठीण. जो नियम शिकून येत नाही तो शिकवायचा कशाला, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. 1925 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी अनेक शतकांतली नाटके तपासली, तेव्हा प्रथम पुरुषातही 'विल'चेच पारडे जड निघाले. 4 जून 1940 च्या भाषणात चर्चिल म्हणाले, 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. वॉलिसच्या हिशेबाने हे नुसते भाकीत ठरते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तसे वाटले असेल असे नाही. शिवाय बोलताना दोन्ही शब्दांचे 'आय'ल', 'वी'ल' होऊन जाते आणि भेद कानाला उरतच नाही.

'गोइंग टू' तुलनेने नवा. मुळात ते खरोखरीचे जाणे होते: अमुक करायला निघालो आहे. 17व्या शतकात व्याकरणकार त्याची नोंद घेऊ लागले. निघालेल्या माणसाचा बेत आधीच ठरलेला असतो, म्हणून ठरवलेल्या गोष्टीला आणि समोर लक्षणे दिसणाऱ्या गोष्टीला 'गोइंग टू' लागते. आभाळ भरून आले तर 'इट्स गोइंग टू रेन'. मराठीत याला '-णार आहे' बरेच जवळ बसते. उलट फोन वाजल्यावर आपण 'थांब, मी घेतो' म्हणतो, आणि त्या वर्तमानकाळाच्या नादाने विद्यार्थी 'आय टेक इट' म्हणून बसतो. तिथे त्याच क्षणी झालेली इच्छा आहे, म्हणून 'आय'ल गेट इट'.

शाळेतला 12 काळांचा तक्ता हा लॅटिन साच्याचा वारसा. 1985 चे क्वर्क आणि सहकाऱ्यांचे आणि 2002 चे हडलस्टन व पुलम यांचे व्याकरण इंग्रजीत भविष्यकाळ असा वेगळा काळ मानत नाही. परीक्षेत तक्ता लागतो, तेव्हा तो येऊ द्यावा. बोलताना त्याच्या आधारावर राहू नये.

'शॅल' आज मुख्यतः दोन जागी टिकला आहे. 'शॅल आय ओपन द विंडो?' असे विचारताना तो हवाच. 'विल आय' म्हटले तर स्वतःचेच भविष्य विचारल्यासारखे होते. दुसरी जागा कायद्याची. भारतीय संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात 'शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स' आहे. तिथे जुना 'बंधन' हा अर्थ शाबूत आहे. अमेरिकेने मात्र 2007 मध्ये दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिताना 'शॅल' काढून बंधनासाठी 'मस्ट' घातला, कारण 'शॅल'चा अर्थ सक्ती की भविष्य यावरून वाद होत.

मराठी विद्यार्थ्याची हमखास चूक म्हणजे 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम'. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात दोन्हीकडे भविष्यकाळ असतो, म्हणून ती होते. तिला अगदीच आधार नाही असे नाही: 1611 च्या बायबलमध्ये 'व्हेन ही शॅल अपिअर' आढळते. आजच्या इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'बिफोर' यांच्या वेळ किंवा अट सांगणाऱ्या वाक्यात वर्तमानकाळच चालतो: 'व्हेन ही कम्स'. पण 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' बरोबर आहे, कारण तिथे 'व्हेन' वेळ ठरवत नाही, प्रश्न विचारतो. आणि 'इफ यू विल वेट अ मिनिट' हेही बरोबर, कारण तिथला 'विल' भविष्य सांगत नाही, थांबायची तयारी आहे का ते विचारतो.