कानातला वाटाड्या, हातातला महाल

ऐतिहासिक वास्तूत मोबाइल किंवा टॅबलेट हातात धरून फिरणं आता सवयीचं झालंय. त्याची मुळं मात्र १९५२ सालात आहेत. त्या वर्षीच्या ३० मे रोजी फ्रान्समधल्या शाम्बोर महालावर पहिला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम झाला. कल्पना महालाचे अभिरक्षक पॉल रोबेर-उदँ यांची. घराणं नामवंत जादूगाराचं, तेव्हा अंधारात प्रकाश खेळवायचं सुचलं यात नवल नाही. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयानं लोकांच्या थेट कानात निवेदन पोचवलं. एका जागी ध्वनिफीत वाजायची, दालनाभोवतीच्या तारेतून रेडिओसारखं तिचं प्रक्षेपण व्हायचं आणि सगळे एकदमच एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळायचे. शाळेची सहलच म्हणा ना!

पुढे कॅसेट प्लेअर गळ्यात आला आणि आपल्या चालीनं चालायची मुभा मिळाली. या प्रकाराचा कळस, माझ्या मते, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ तुरुंगात झाला. हा तुरुंग १९६३ साली बंद पडला. १९८७ पासून तिथल्या कोठड्यांमधून फिरताना कानात बोलू लागले ते तिथलेच जुने पहारेकरी आणि कैदी. मागे लोखंडी दारांचा खणखणाट. आवाज कानात, डोळे मोकळे. समोर गज आणि रिकामी कोठडी, बाकीचं ज्याचं त्यानं मनात उभं करायचं.

पडदा आला आणि डोळे अडकले. इंग्लंडमधल्या डडली किल्ल्याचा राहता भाग १७५० च्या आगीत गेला होता. १५५० साली तो कसा दिसत असेल, ते १९९४ मध्ये संगणकावर ‘फिरून’ पाहता येऊ लागलं. उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी केलं. पण त्यासाठी बसावं लागायचं पडद्यासमोर, अवशेषांपासून दूर. ही फारकत मिटवायचा प्रयत्न २००० नंतर ग्रीसमधल्या ऑलिंपियात झाला. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप, डोक्यावर कॅमेऱ्याचं शिरस्त्राण, जागा ओळखायला जीपीएस, आणि डोळ्यांपुढच्या छोट्या पडद्यावर, पडलेल्या खांबांच्या जागी संगणकानं उभं केलेलं प्राचीन मंदिर. कल्पना फक्कड, पण ओझं वाहून माणूस दमायचा. ते ओझं पुढे स्मार्टफोननं उतरवलं. लेझर स्कॅनिंगमुळे वास्तूची मापंही काटेकोर मिळू लागली.

२०१५ साली गाडी पुन्हा शाम्बोरलाच आली. आता तिथं टॅबलेट मिळतो. खोलीत तो उंचावून धरला की पडदे, पलंग, गालिचे यांनी भरलेला राजा पहिला फ्रान्स्वा याचा काळ दिसतो. लोक खूश होतात. गंमत अशी, की हा राजा शाम्बोरला जेमतेम काही आठवडेच राहिला. दरबार मुक्काम हलवायचा तेव्हा सामानसुमान सोबत घेऊन जायचा. म्हणजे त्याच्या काळातही वर्षातले बहुतेक दिवस या खोल्या रिकाम्याच असायच्या, टॅबलेट खाली घेतल्यावर दिसतात तशाच.