मान दुखतेय? कोन नंतर मोजा

मोबाइलमध्ये मान घातली की मणक्यावर २७ किलोंचं ओझं पडतं, असं चित्र तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलं असेल. हा आकडा २०१४ सालचा. अमेरिकेतले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी संगणकावर मानेचं गणित मांडलं: डोकं सरळ असताना भार साधारण ५ किलो, ३० अंश वाकवल्यावर १८, ६० अंशांना २७. पण हे गणित होतं. कुणाची मान दुखते का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. ते तपासलं ब्राझीलमध्ये. रिओ दि जानेरोतल्या १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांची मोबाइल बघण्याची ढब आणि मानदुखी यांचा मेळ लावून पाहिला, तर बसेना (२०१८).

म्हणजे मोबाइल निर्दोष सुटला असं नाही. मान वाकणं हे मानेचं कामच आहे. तिला पेलत नाही ते तासभर एकाच जागी थिजून राहणं. मानेमागचे स्नायू तेवढा वेळ डोकं तोलून धरतात आणि मग अवघडतात. त्यात झोप अपुरी असली, डोक्याला ताण असला, की तीच मान जास्त ठणकते. म्हणून फोन डोळ्यांसमोर धरायची शिस्त पाळण्यापेक्षा (हात भरून येतात, दोन मिनिटांत फोन खाली येतोच) दर वीसेक मिनिटांनी बसणं बदला. मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपरं टेकवली तरी खांद्यांना बराच आराम पडतो.

खरा उपाय मात्र ताकद वाढवण्याचा. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वरचेवर दुखणाऱ्या १९८ जणांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रबरी दोरी पायाखाली धरायची, टोकं हातांत घ्यायची, कोपरं जराशी वाकवून हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे, सावकाश खाली आणायचे. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. रोज १२ मिनिटं करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, आणि अवघी २ मिनिटं करणाऱ्यांचंही. आपल्याकडे मात्र लोक आधी मानेचा पट्टा आणतात. तो महिनोन्‌महिने वापरला तर स्नायू आणखी ढिले पडतात.

बहुतेक मानदुखी काही आठवड्यांत ओसरते. पण हाताला मुंग्या येऊन जोर कमी वाटू लागला, शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडू लागली, चालताना तोल जाऊ लागला, किंवा पडल्याझडल्यानंतर मान धरली, तर शेकत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.