व्यवस्थापनशास्त्राचा विकास (मराठवाड्याच्या विशेष संदर्भासह)

माणसे, साधने व पैसा यांची सांगड घालून ठरलेले काम तडीस कसे न्यावे, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे शास्त्र. कारभार जुना असला तरी स्वतंत्र विद्याशाखा म्हणून त्याचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही.

आरंभ कोठून मानावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक फिलाडेल्फियातील व्हार्टन स्कूलच्या स्थापनेला (१८८१) मान देतात, तर काही अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे हेन्री टाउन यांनी वाचलेल्या निबंधाला (१८८६). पाठ्यपुस्तकांत बहुधा फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ (१९११) आरंभबिंदू ठरतो. त्यातील कच्च्या लोखंडाचे उदाहरण प्रसिद्ध आहे : बेथलेहेम येथील मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहत, ते प्रमाण सुमारे ४७ टनांवर नेले, असे टेलर सांगतात. मात्र १९७० च्या दशकात मूळ कागदपत्रे तपासली गेली तेव्हा या कथनात बऱ्याच विसंगती आढळल्या. म्हणून ते उदाहरण जपूनच वापरावे. फ्रेंच खाण-अभियंते आंरी फायोल यांचे विवेचन १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले, पण १९४९ च्या इंग्रजी भाषांतरानंतरच ते सर्वदूर पोहोचले. टेलर यांची नजर कामगाराच्या हातावर होती, फायोल यांची संपूर्ण संस्थेवर. कारभाराच्या इतिहासासाठी फायोल यांची दृष्टी अधिक उपयोगी पडते.

मराठवाड्यात या विषयाची पूर्वपीठिका महसुलाच्या कारभारात सापडते. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने इजाऱ्याची, म्हणजे वसुलीचा मक्ता देण्याची, पद्धत बंद करून वसुली ब्राह्मण कारभाऱ्यांकडे सोपवली, पिकाचा वाजवी हिस्सा ठरवला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोखीत बदलला, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ यांनी नोंदवले आहे (१८२६). सरकारी हिस्सा दोन-पंचमांश की एक-तृतीयांश, याविषयी मतभेद आहेत. दोन-पंचमांश हा धान्यातला व एक-तृतीयांश हा रोखीतला दर असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

पुढे हैदराबादच्या निजामी अंमलात इजारा पुन्हा रुजला. पहिल्या सालारजंगांनी (दिवाण १८५३ पासून) तो मोडत आणून १८६५ मध्ये जिलाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. या बदलाची खूण एका शब्दात टिकून आहे. ‘तालुकदार’ म्हणजे आधी वसुलीचा मक्ता घेणारा. जिलाबंदीनंतर तोच शब्द पगारी अधिकाऱ्याला लागला आणि जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ झाला. पद आणि खासगी नफा यांची फारकत हे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी आधुनिक नोकरशाहीचे लक्षण मानले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडकडे ती फारकत वेबर यांच्या लेखनाआधी अर्धे शतक सुरू झाली होती. जहागिरी व सर्फेखासचा (निजामाचा खासगी) मुलूख मात्र या चौकटीबाहेरच राहिला; जहागिरी संपल्या १९४९ मध्ये.

भारतात व्यवस्थापनाच्या औपचारिक शिक्षणाचे एक आरंभीचे केंद्र कोलकात्यात १९५३ मध्ये निघाले. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय प्रबंध संस्था निघाल्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, नांदेडचे विद्यापीठ १९९४ चे. दोन्हीकडे हा विषय शिकवला जातो.

या प्रदेशाचे वेगळेपण पाण्यात आहे. जायकवाडीचे पाणी कालव्यांत आल्यावर धरण बांधणे आणि पाणी वाटणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ठळक झाले. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) १९८० मध्ये जल व भूमि व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘वाल्मी’, स्थापन झाली. तेथे अभियंत्यांच्या बरोबरीने शेतकऱ्यांनाही प्रशिक्षण मिळते. शेजपाळीत (आळीपाळीने पाणी देण्याच्या पद्धतीत) ‘नमुना सात’वर पाणी-अर्ज घेऊन पाळ्या ठरतात व चारीच्या शेपटाकडून वर अशा क्रमाने पाणी दिले जाते; पण प्रत्यक्षात वरच्यांनी आधी उपसा केला की हा क्रम उलटतो. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमाने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेला मोजून, घनमापाने पाणी देण्याची तरतूद केली. सभासदांमधली वाटणी आणि पाणीपट्टीची वसुली ही कामे संस्थेकडे आली.