तलवारीची आयत आणि तिच्या पुढची

इस्लाम आणि युद्ध हा विषय निघाला की कुराणातली दोन वचने हटकून समोर येतात. एकीकडून 'धर्मात सक्ती नाही' (२:२५६) आणि दुसरीकडून 'मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारा' (९:५), जिला तलवारीची आयत म्हणतात. दोन्ही खरोखरच कुराणात आहेत. भांडण आहे ते कोणते वचन कधीचे आणि कोणाला उद्देशून, याचे.

मक्केतल्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत प्रेषितांच्या अनुयायांना हत्यार उचलायची मुभा नव्हती. इ.स. ६२२ मध्ये ते मदिनेला गेले, त्यानंतर ती मिळाली. बहुतेक भाष्यकार पहिली परवानगी म्हणून २२:३९-४० दाखवतात. ती घरादारातून हुसकावलेल्यांना आहे, आणि लढून कोणाला रोखलेच नसते तर मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या, असे तिथे म्हटले आहे. नववा अध्याय बराच नंतरचा, करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांच्या संदर्भातला. त्याचीच सहावी आयत सांगते की मूर्तिपूजकाने आश्रय मागितला तर तो द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. वादात ही सहावी आयत क्वचितच ऐकू येते.

पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या सैन्याला दिलेल्या सूचना 'मुवत्ता' या संग्रहात आहेत: बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, खाण्यापुरती सोडून मेंढरे-उंट कापू नका.

पुढे 'नस्ख'चा प्रश्न आला, म्हणजे नंतरच्या आयतीने आधीची रद्द होते का? काहींनी एकट्या तलवारीच्या आयतीने शंभरावर आयती रद्द ठरवल्या. पंधराव्या शतकातले विद्वान सुयूती यांनी रद्द आयतींची एकूण संख्या विसाच्या आसपास आणली, तर अठराव्या शतकात दिल्लीचे धर्मपंडित शाह वलीउल्लाह यांनी ती पाचवर. ग्रंथ तोच, हिशेब वेगळा.

भारतात हा मतभेद नुसता पुस्तकी राहिला नाही. जिझियाची, म्हणजे बिगरमुस्लिम प्रजेवरच्या कराची, आयत (९:२९) 'किताबी' लोकांबद्दल आहे, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांबद्दल. मग हिंदूंचे काय? अल्लाउद्दीन खिलजीला काझी मुगीसने दिलेले उत्तर इतिहासकार बरनीने नोंदवले आहे: हिंदूंकडून जिझिया घेण्याची मुभा फक्त अबू हनीफांच्या, म्हणजे हनफी, मतात आहे; बाकीच्यांच्या मते धर्मांतर किंवा मृत्यू, असे त्याचे म्हणणे. दिल्लीत हनफी मत चालत होते, यावर केवढे अवलंबून होते हे त्या एका उत्तरातून कळते. अर्थात जिझिया म्हणजे बरोबरी नव्हे. जीव आणि धर्म राखायचा, पण खालच्या पायरीवर राहून, असा तो सौदा होता.

अकबराने १५६४ मध्ये जिझिया उठवला, औरंगजेबाने १६७९ मध्ये परत बसवला. त्यावर शिवाजी महाराजांचे म्हणून प्रसिद्ध असलेले फारसी पत्र मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यात आक्षेप बाहेरून घेतलेला नाही. कुराणात ईश्वराला 'रब्बुल आलमीन', साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, म्हटले आहे, फक्त मुसलमानांचा नव्हे, असे बादशहालाच त्याच्या ग्रंथातून सुनावले आहे. वर टोलाही आहे: हिंमत असेल तर आधी मेवाडच्या राणा राजसिंहाकडून जिझिया वसूल करा, मुंग्या-माश्यांना छळण्यात कसले शौर्य?