पुण्यातली सोसायटी, ओला कचरा आणि मिळकतकरातली सवलत: अर्ज कसा करायचा?

पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या इमारतीत गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्य जलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. पहिला गैरसमज इथेच होतो. ही सवलत सगळ्या बिलावर नसून त्यातल्या ‘सर्वसाधारण करा’वर असते. समजा, तुमच्या फ्लॅटचा सर्वसाधारण कर ६,००० रुपये आहे. मग एका प्रकल्पावर वर्षाला ३०० रुपये सुटतात, चाळीस फ्लॅटचे मिळून १२,०००. एवढ्यात गांडूळखताचा खड्डा बघणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार निघत नाही. तरी अर्ज करावा. हक्काचे पैसे का सोडायचे?

पात्र कोण?

वर ‘चालू’ म्हटलंय, त्या शब्दावर सगळं अडतं. बिल्डरने ताबा देताना बांधून दिलेला हौद म्हणजे प्रकल्प नव्हे. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झालो तेव्हा कागदावर गांडूळखत प्रकल्प होता. प्रत्यक्ष खड्ड्यात दोन मोडक्या सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. पाहणीला आलेल्या माणसाने मोबाइलवर फोटो काढला, काही बोलला नाही, आणि पुढच्या बिलातून सवलत गेली. त्याची काय चूक?

दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवणं ही जबाबदारीच आहे. सवलत मिळो न मिळो, त्यांची त्यातून सुटका नाही.

कागदपत्रं आणि पाहणी

अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. आम्ही जोडलेले कागद असे: सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कमिटीच्या ठरावाची प्रत, सगळ्या फ्लॅटचे मिळकत क्रमांक आणि मालकांची नावं असलेली यादी, चालू वर्षाच्या करबिलांच्या झेरॉक्स, खड्डा बांधल्याची किंवा यंत्रणा घेतल्याची पावती आणि तारीख दिसेल असे फोटो. यादी सावकाश करा. मिळकत क्रमांकातला एक आकडा चुकला तर त्या एका घराची सवलत अडकते आणि ते घर नेमकं कमिटीवर आधीच नाराज असलेल्या माणसाचं निघतं. एक प्रत आवक शिक्क्यासह परत घ्या.

करवर्ष एप्रिल ते मार्च. नवी बिलं निघायच्या आधी, म्हणजे थंडीतच, अर्ज गेला तर पाहणीला वेळ मिळतो. पाहणीच्या दिवशी खड्डा बघणारा माणूस हजर हवा. आम्ही एक साधी वहीही ठेवली आहे: तारीख, किती बादल्या टाकल्या, खत कधी काढलं. ती कुणी मागितली नव्हती, पण दाखवल्यावर प्रश्न निम्मे झाले.

खड्डा चालू ठेवायचा कसा

वासाची तक्रार आली की सभेत पहिला ठराव खड्डा बंद करण्याचा येतो. वास ओल जास्त झाल्याने येतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरायचं. मूठभर माल दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला घाला. गांडुळांच्या खड्ड्यात लोणचं, तेलकट उरलंसुरलं आणि ढीगभर लिंबाच्या साली नकोत. गांडुळं ताज्या कचऱ्यात सोडू नका, तो तापतो. आधी दुसऱ्या कप्प्यात थोडा कुजू द्या.

बाकीचा कचरा कुणाकडे?

पुण्यात दारावर कचरा घेणाऱ्यांत बहुतेकजणी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था आली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. महिन्याची फी थेट त्यांना द्यायची. सुक्यातलं भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच, म्हणून दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्या तर त्यांचाच फायदा. आमच्याकडे येणाऱ्या ताई एकच सांगतात, “काकू, पिशवी नका देऊ, डबाच उलटा करा.” गाठ मारलेली पिशवी त्यांना हाताने फोडावी लागते.

डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुढे कुणी ते उघडत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत. चौथ्यात ट्यूबलाइट, बल्ब, जुनी औषधं, रंगाचे डबे येतात. आम्ही लिफ्टजवळ झाकणाचं एक खोकं ठेवलंय, भरलं की आरोग्य कोठीवर (महापालिकेच्या सफाई कामगारांच्या भागातल्या ठाण्यावर) विचारून देतो. जुनी गादी, कपाट, कपडे यांच्यासाठीही आधी तिथेच चौकशी करा. मुकादमाला संकलन कधी आहे ते माहीत असतं.

राडारोड्याचं मात्र वेगळं. बाथरूमच्या फोडलेल्या फरशा घंटागाडीत चालत नाहीत आणि रात्री टेम्पो भरून नदीपात्रात टाकल्या तर दंड होतो. फ्लॅटचं काम काढणाऱ्याकडून आम्ही आता अनामत रक्कम घेतो. राडारोडा रीतसर उचलल्याची पावती आणली की ती परत.