रिकामी कर की रिकामी आहे का?

आमच्या महापेच्या ऑफिसात मागच्या महिन्यात सी++ या प्रोग्रामिंग भाषेतल्या कोडमधला एक बग, म्हणजे चूक, दोन दिवस सापडेना. निकाली निघालेल्या ऑर्डर यादीत पुन्हा पुन्हा दिसत होत्या. शेवटी नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीशेजारी खुर्ची ओढून बसलो. यादी साफ करायच्या ओळीत तिने एम्प्टी ही मेथड, म्हणजे यादीला द्यायची तयार आज्ञा, कॉल केली होती. "दादा, रिकामी कर असंच सांगितलंय ना मी?" पण ती मेथड "रिकामी आहे का?" एवढंच विचारते, हो-नाही सांगते आणि यादीला हातही लावत नाही. साफ करायला क्लिअर लागते.

इंग्रजीत एम्प्टी हे विशेषणही आहे आणि क्रियापदही. मराठीत या दोन वाक्यांची गल्लत व्हायची सोयच नाही. त्यामुळे दोष मी तिला देत नाही, नावाला देतो. भाषेचे नियम ठरवणाऱ्या 1998 च्या पहिल्या मानकापासून ते नाव तसंच आहे, कारण बदललं तर जगभरचा चालू कोड मोडेल. अखेर 2020 च्या मानकात त्या मेथडला एक खूण जोडली गेली : तिचं उत्तर कुणी वापरलंच नाही, तर कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, इशारा द्यावा. आमचा प्रकल्प अजून जुन्या मानकावर आहे, म्हणून इशाराही आला नाही.

नावं तोकडी असण्यामागे कधीकधी खरी अडचण होती. सी++ ची पूर्वज असलेल्या सी भाषेच्या 1989 च्या मानकात फाइलींपलीकडे दिसणाऱ्या नावांची पहिली 6 अक्षरंच वेगळी ओळखली जाण्याची हमी होती. 1999 मध्ये ती 31 झाली. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करणाऱ्या फंक्शनचं strcpy हे नाव अशाच अडचणीमुळे अक्षरं गाळून 6 अक्षरांत बसवलेलं दिसतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल तयार करणाऱ्या क्रिएटच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, या प्रश्नावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी तो 'ई' लावीन असंच सांगितलं होतं.

एकदा बाहेर पडलेलं नाव दुसऱ्यांचीही वाट अडवतं. वेबसाइटसाठीच्या जावास्क्रिप्ट भाषेत यादीतल्या याद्या सपाट करणारी फ्लॅटन ही मेथड येणार होती. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) ते नाव आधीच वापरलं होतं आणि तिच्यावर चालणाऱ्या साइट मोडत होत्या. 2018 मध्ये नाव बदलून फ्लॅट करावं लागलं.

त्या बगनंतर रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, आम्ही प्रत्येक नाव मराठीत मोठ्याने म्हणून पाहतो. यादीतून निवड करणाऱ्या फिल्टरपाशी, म्हणजे 'गाळ'पाशी, मात्र तेही अडलं. चहा गाळला की चहा हाती राहतो, यादीतून नाव गाळलं की नाव जातं! स्मॉलटॉक-80 या जुन्या भाषेत यासाठी सिलेक्ट आणि रिजेक्ट अशी जोडी होती, रूबी या भाषेनेही तीच घेतली. आमच्या लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत हीच जोडी येते आहे. जुनं फिल्टर वर्षभर शेजारी राहील, ते वापरणाऱ्या टीमचा कोड मोडू नये म्हणून.