सर्कल ऑफ मेजाय (ड्रॅगन एज)

सर्कल ऑफ मेजाय ही कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेतील जादूगारांची संस्था. मालिकेचा पहिला गेम २००९ साली आला. थेडास या काल्पनिक खंडात जन्मतः जादू अंगी असलेल्या मुलांना, ती शक्ती दिसताच, आईवडिलांपासून तोडून मनोऱ्यांत नेले जाते. अशा प्रत्येक ठिकाणच्या शाखेलाही सर्कलच म्हणतात. शिक्षण, पहारा आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी तिथेच होतात.

या व्यवस्थेमागची भीती खोटी नाही. प्राचीन टेव्हिंटर साम्राज्यात जादूगारच सत्ताधीश होते आणि गुलामांचे रक्त सांडून जादू करत. शिवाय स्वप्नलोकातले पिशाच्च जादूगाराच्या शरीरात शिरले, तर एकटा माणूस गावच्या गाव उद्ध्वस्त करू शकतो. त्यामुळे सर्कलची तुलना अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याशी करावीशी वाटली, तरी ती अर्धवटच ठरते: त्या जमातींवरचा ठपका मुळात खोटा होता, इथला धोका खरा आहे. नैतिक प्रश्न त्यानंतर सुरू होतो. जे अजून केलेलेच नाही, त्यासाठी माणसाला जन्मभर कोंडावे का?

चॅन्ट्री या धर्मपीठाचे उत्तर ‘हो’ असे आहे. तिचे टेम्प्लर सैनिक मनोऱ्यांवर पहारा देतात. प्रत्येक शिकाऊ जादूगाराचे रक्त कुपीत जपून ठेवतात. तो पळाला, तर त्याच रक्तावरून त्याचा माग काढता येतो. पुढे ‘हॅरोइंग’ नावाची परीक्षा होते. त्याला स्वप्नलोकात पिशाच्चासमोर सोडतात, आणि तो हरला तर भोवती उभे असलेले टेम्प्लर त्याला ठार करतात. परीक्षेला लायक न वाटणाऱ्यांवर ‘ट्रँक्विलिटी’चा विधी होतो. कपाळावर सूर्याचा डाग उमटतो, जादू जाते आणि तिच्याबरोबर स्वप्ने व भावनाही जातात. असा माणूस शांतपणे, नेटके काम करत राहतो. मृत्युदंडाहून हा विधी अधिक क्रूर आहे, कारण तो दयेच्या नावाखाली केला जातो. टेम्प्लरही मोकळे नाहीत: त्यांना शक्ती देणाऱ्या लिरियम या खनिजाचे व्यसन जडते आणि त्याचा पुरवठा धर्मपीठाच्या हातात असतो.

व्यवस्थेची खरी कसोटी रेडक्लिफ गावात लागते. तिथल्या सरदाराचा कोवळा मुलगा कॉनर जादू घेऊन जन्मला आहे. तो मनोऱ्यात गेला तर दुरावेल आणि वारसाहक्कही गमावेल, म्हणून त्याची आई इझोल्ड ही गोष्ट नवऱ्यापासूनही लपवते आणि चोरून एक पळपुटा जादूगार शिक्षक म्हणून ठेवते. आजारी वडिलांना वाचवण्यासाठी कॉनर पिशाच्चाशी सौदा करतो, आणि मग रात्रीमागून रात्र मेलेली माणसे उठून गावावर चालून येतात. मूल हिरावले जाण्याची धास्ती नसती, तर आईने वेळीच मदत मागितली असती. पण कोणाचाही बळी न देता याच कॉनरला वाचवायचे, तर सर्कलच्या जादूगारांचीच मदत घ्यावी लागते. तिथले ज्ञान मोलाचे आहे. आक्षेप आहे तो दाराला बाहेरून लावलेल्या कुलपाला.

जादूगारांना वागवण्याच्या इतर तऱ्हाही थेडासमध्ये आहेत. कुनारी लोक त्यांना साखळदंडात ठेवतात आणि कित्येकांचे ओठ शिवतात. याउलट डेलिश एल्फ या मानवेतर वंशाच्या टोळ्यांत जादूगारच नेतृत्व करतो. रिव्हेन या देशातील डेअर्समुडच्या सर्कलमध्ये जादूगार घरच्यांत मिसळत आणि मुली परंपरागत द्रष्ट्यांकडे शिकत. हे उघड होताच ते सर्कल कत्तल करून संपवण्यात आले. सुरक्षितता हाच हेतू असता, तर त्या मोकळिकीतून काय निपजते हे आधी पाहिले गेले असते.

२०११ च्या दुसऱ्या गेममध्ये कर्कवॉल शहरातील अँडर्स हा जादूगार चॅन्ट्रीचे मंदिर स्फोटाने उडवतो, आतल्या माणसांसकट. त्याचा राग समजतो, कृत्य समर्थनीय ठरत नाही. त्यानंतर सर्कले बंड करून उठतात. २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’ या तिसऱ्या गेममध्ये धर्मपीठाच्या नव्या प्रमुखपदी कोण येणार, हे खेळाडूच्या निर्णयांवर ठरते. तीन दावेदारांपैकी लेलियाना जादूगारांना मुक्त करते, कॅसँड्रा सुधारणा करून सर्कले पुन्हा उभी करते. जुनी शिस्त परत आणणारी व्हिव्हियन मात्र स्वतः सर्कलमध्येच वाढलेली जादूगार आहे.